किडनीच्या रुग्णाची हाडं आणि पिशवीतल्या फिल्म

डायलिसिसला जाणाऱ्या माणसाची एक पिशवी असते. कापडाच्या दुकानाची किंवा मेडिकलवाल्याने दिलेली, बंद उसवत आलेली. तिच्यात रक्ताचे रिपोर्ट असतात, रेशन कार्डाची झेरॉक्स असते, आणि सगळ्यात मागे मोठ्या खाकी पाकिटांत फिल्म असतात. छातीचा एक्स-रे, पाय मुरगळला तेव्हाचा एक्स-रे, मुतखडा बघायला काढलेला सीटी. या फिल्म एकदाच पाहिल्या जातात, त्याही ज्यासाठी काढल्या तेवढ्यापुरत्या. नंतर पिशवी पलंगाखाली जाते.

किडनीच्या जुनाट आजारात हाडांची तब्येत चित्रावरून कशी ओळखायची, या प्रश्नावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरंच काम झालं आहे. यंत्रं आली, आकडे आले, मार्गदर्शक सूचना आल्या आणि बदलल्या. हा आढावा त्या सगळ्याचाच आहे, पण सांगोल्यात बसून घेतलेला. इथून एखादी तपासणी करायची म्हणजे मंगळवेढ्यावरून सोलापूर गाठायचं, जवळपास ऐंशी किलोमीटर, किंवा त्याच रस्त्याने उलट्या दिशेला मिरज. तेही डायलिसिस नसलेल्या दिवशी. आठवड्यातले तीन दिवस यंत्राला बांधलेल्या माणसाला असा दिवस काढणं सोपं नाही. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून सुटली आणि इथलं डाळिंब थेट बंगालमधल्या शालिमारला पोचलं. हाडांच्या तपासणीची अशी सोय अजून झालेली नाही. त्यामुळे ‘सगळ्यात चांगली तपासणी कोणती?’ हा प्रश्न इथे पुरत नाही. ‘कोणती तपासणी केल्याने उपचार बदलेल?’ असं विचारावं लागतं.

आधी हाडांचं आणि किडनीचं नातं. किडनी फॉस्फरस बाहेर टाकते आणि ड जीवनसत्त्वाला त्याचं कामाचं रूप देते. ती थकली की दोन्ही कामं अडतात. फॉस्फरस साठतो, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि मानेतल्या, तुरीच्या डाळीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक जास्त सोडू लागतात. पीटीएच हाडाला सांगतं, ‘कॅल्शियम काढ.’ हाड काढत राहतं. वर्षानुवर्षं हे चाललं की हाडाची मोडतोड आणि बांधकाम दोन्ही भरधाव होतात, आणि घाईत बांधलेलं हाड कच्चं निघतं. काही रुग्णांत याच्या अगदी उलट घडतं. वय, मधुमेह, कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा भडिमार यामुळे पीटीएच दबतं आणि हाड झोपी जातं. जुनं मोडत नाही, नवं बनत नाही, बारीक भेगा बुजत नाहीत. अशा हाडात कॅल्शियम शिरत नाही, मग ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं.

म्हणजे बाहेरून एकच लक्षण, ‘हाडं दुखतात, उठवत नाही’, आणि आत दोन विरुद्ध आजार. एकावरचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. इथेच सगळी गोम आहे. कारण बहुतेक यंत्रं हाडात खनिज किती आहे ते मोजतात. हाड धावतंय की झोपलंय, हे त्यांना कळत नाही.

किडनी आणि हाडांचं हे नातं क्ष-किरणांपेक्षा जुनं आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या ल्यूकस या सर्जनने १८८३ साली वयात येणाऱ्या मुलांमधल्या मुडदुसाचा आणि लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांचा संबंध नोंदवला होता. राँटगेनचे किरण त्यानंतर बारा वर्षांनी आले. ते आल्यावर मात्र या आजाराची एक चित्रलिपीच तयार झाली. ती आज पुस्तकांत पडून आहे आणि दुर्दैवाने फार कमी वाचली जाते.

तिची पहिली ओळ हाताच्या एक्स-रेत असते. तर्जनी आणि मधल्या बोटाचं मधलं पेर घ्यायचं आणि अंगठ्याकडची कड बघायची. निरोगी हाडाची कड पेन्सिलीने ओढल्यासारखी स्वच्छ असते. पीटीएचने पोखरलेल्या हाडाची कड लोकरीच्या धाग्यासारखी विस्कटते. बोटांची टोकं झिजतात, गळपट्टीच्या हाडाचं खांद्याकडचं टोक विरघळल्यासारखं दिसतं, कवटीवर मीठ-मिरी शिंपडल्यासारखे ठिपके उमटतात. कधी जबड्यात किंवा फासळीत पोकळ गाठ दिसते आणि कर्करोगाच्या शंकेने घरातलं सगळं वातावरण बदलतं. ती बऱ्याचदा पीटीएचचीच करणी असते, कर्करोग नसतो. किडनीचा आजार असलेल्या माणसाच्या हाडात गाठ दिसली तर पीटीएच बघितल्याशिवाय घाबरू नये आणि घाबरवूही नये.

दुसरी ओळ मणक्यांची. प्रत्येक मणक्याचा वरचा आणि खालचा काठ पांढराशुभ्र, मधला भाग फिका. एकाखाली एक मणके रचले की आडवे पट्टे दिसतात. इंग्रज डॉक्टरांना त्यात रग्बी खेळाडूंची जर्सी दिसली आणि तेच नाव रूढ झालं. सोलापुरात कुणी हे पहिल्यांदा पाहिलं असतं तर त्याला चादरीचं नाव मिळालं असतं. तिसरी ओळ मऊ पडलेल्या हाडाची: खुब्याच्या मानेवर, जांघेच्या हाडावर, फासळ्यांवर आडवी फिकी रेघ, धड मोडलेलं नाही आणि धड अखंडही नाही. स्विस सर्जन एमिल लूझर यांनी १९२० च्या सुमारास त्या रेघांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. लहान मुलांत गुडघ्याजवळच्या आणि मनगटाजवळच्या वाढीच्या टोकांकडे बघायचं. ती पसरट आणि फाटल्यासारखी दिसली तर पोराचे पाय वाकायच्या आत काहीतरी करायला वेळ असतो.

एक्स-रेचा दोष सर्वांना माहीत आहे. साधारण तीस टक्के खनिज जाईपर्यंत त्याला काही कळत नाही. म्हणजे स्वच्छ एक्स-रे हा हाडं चांगली असल्याचा पुरावा नव्हे. पण जे दिसतं ते दिसतंच, आणि त्याला काही शे रुपये लागतात. मला विचाराल तर तालुक्याच्या ठिकाणी या आजारासाठी सर्वात कमी वापरलेलं साधन म्हणजे नीट वाचलेला एक्स-रे.

आता डेक्सा. बीएमडी म्हणून लोक जी तपासणी ओळखतात ती हीच. हे यंत्र १९८७ च्या सुमारास बाजारात आलं. दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण कंबरेतून आणि खुब्यातून पाठवायचे, मांस-चरबीचा हिशेब वजा करायचा आणि उरलेलं खनिज चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम ते सांगायचं. किरणांची मात्रा इतकी कमी की आपण एका दिवसात जमिनीतून आणि आकाशातून जेवढे किरण झेलतो साधारण तेवढीच. निरोगी तरुण माणसाशी तुलना करून टी-स्कोअर निघतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने उणे २.५ ही रेषा आखली. तिच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ.

ही रेषा मुळात पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांच्या अभ्यासांवर आखलेली होती. ती किडनीच्या रुग्णाला लावायची का, यावर बराच काळ वाद झाला. किडनीच्या आजारांसाठी जागतिक सूचना काढणाऱ्या केडिगो संस्थेने २००९ मध्ये सांगितलं की मध्यम आणि पुढच्या टप्प्याच्या किडनी आजारात डेक्सा सरसकट करू नका, त्यावरून मोडण्याचा अंदाज येत नाही. पुढच्या काही वर्षांत रुग्णांचा पुढे माग काढणारे चार अभ्यास आले आणि या आजारातही कमी घनता म्हणजे जास्त मोड हे दिसलं. मग २०१७ च्या सुधारित सूचनांत भूमिका बदलली. उत्तरामुळे उपचार बदलणार असेल तर डेक्सा करा, असं त्यात म्हटलं आहे. त्या एका ‘तर’ वर माझा सगळा भर आहे.

कारण डेक्साचा आकडा किडनीच्या रुग्णात अनेक वाटांनी फसवतो. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घराचं उदाहरण घ्या. घराची ताकद दगडी भिंतीत आणि तुळयांत असते. भिंत आतून पोखरली, पण पावसाळ्यागणिक वर माती टाकत गेलात तर घराचं एकूण वजन तेवढंच राहील, कदाचित वाढेलसुद्धा. घर मात्र बसेल. पीटीएच वाढलेल्या माणसाच्या हाडात असंच होतं. बाहेरची टणक भिंत पातळ आणि सच्छिद्र होते, आतली जाळी काही वेळा उलट दाट होते. कंबरेच्या मणक्यात जाळी जास्त, म्हणून तिथला आकडा बरा येतो. त्यात वयानुसार मणक्याला फुटलेले काटे आणि मणक्यापुढच्या महाधमनीत साचलेलं कॅल्शियम हेही यंत्र हाडाच्याच खात्यात मांडतं. रिपोर्टवर ‘सामान्य’ छापून येतं, आणि माणूस न्हाणीत घसरून खुबा मोडून घेतो.

यावर उतारा आहे. मनगटाच्या वर, कोपराच्या दिशेने एक-तृतीयांश अंतरावरचं हाड जवळपास सगळं भिंतीचं असतं. डेक्सा करताना खुबा आणि ही जागा दोन्ही मोजून घ्यायच्या. मात्र डायलिसिससाठी ज्या हातात फिश्चुला, म्हणजे धमनी आणि शिरेची जोडणी, केला आहे तो हात वापरायचा नाही. त्या हातातला रक्तप्रवाह बदललेला असतो आणि हाडाचा आकडा खोटा कमी येतो. तंत्रज्ञाला हे माहीत असेलच असं नाही. रुग्णाने स्वतः सांगावं: ‘या हाताचं नको.’

दुसरी गोष्ट आपल्या अंगकाठीची. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, सपाट सावली मोजते. लहान हाडाची सावली फिकीच पडते. त्यात यंत्रातली तुलना पाश्चात्त्य लोकसंख्येशी असली तर बारीक चणीची मराठी बाई विनाकारण ठिसूळ ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भारतीयांची संदर्भमूल्यं काढलेली आहेत. मुलांसाठी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं काम केलं आहे. रिपोर्टच्या कोपऱ्यात तुलना कोणाशी केली ते छापलेलं असतं, तिकडे एकदा नजर टाकावी. आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासायचं असेल तर त्याच यंत्रावर. यंत्र बदललं की आकडा बदलतो, हाड तेच असतं.

फ्लोराइडचंही इथेच सांगायला हवं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. किडनी चालत नसली की ते बाहेर पडत नाही, हाडात बसतं. असं हाड एक्स-रेत पांढरंफेक आणि डेक्सावर दणकट दिसतं, पण असतं ठिसूळ. बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या कुठल्याही दुष्काळी तालुक्यातल्या डॉक्टरने ‘उत्तम’ घनतेचा रिपोर्ट पाहिला की पाणी कुठलं, हे विचारायला हरकत नाही.

शिबिरांतल्या टाचेच्या यंत्राबद्दल दोन शब्द. ‘मोफत हाडांची ठिसूळता तपासणी’ असा फलक लागतो, टाच एका डब्यात ठेवली की ध्वनिलहरींवरून आकडा येतो आणि सोबत कॅल्शियमची बाटली मिळते. निरोगी माणसापुरती ती चाळणी म्हणून ठीक. किडनीच्या रुग्णाने त्या आकड्यावरून काहीही घेऊ नये. त्याच्या हाडाचं शरीरशास्त्रच वेगळं चाललेलं असतं, आणि ती बाटली त्याच्या धमन्यांत जाऊन बसू शकते.

त्या धमन्यांचं चित्र हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग. २००६ पासून या आजाराला जे एकत्रित नाव मिळालं त्यात हाडं, रक्तातली खनिजं आणि रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम हे तिन्ही धरले गेले, कारण किडनीचा रुग्ण हाड मोडून जाण्याआधी बऱ्याचदा हृदयाने जातो. हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम सीटीवर मोजता येतं. १९९० साली निघालेली आगाट्स्टन यांची मोजणी त्यासाठी वापरतात. पण केडिगोनेच स्वस्त पर्याय मान्य केला आहे. पोटाचा एका कुशीवरून काढलेला एक्स-रे घ्यायचा. कौपिला आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची मोजणी बसवून दिली. कंबरेच्या पहिल्या चार मणक्यांसमोर महाधमनीची पुढची आणि मागची भिंत बघायची, प्रत्येक तुकड्याला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दोन मिनिटांचं काम. त्याच फिल्ममध्ये मणके बसलेत का हेही दिसतं. मणक्याचं मोडणं बहुतेकदा आवाज न करता होतं. माणूस म्हणतो, ‘कंबर धरलीय’, उंची दोन बोटं कमी होते, आणि वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. अशी एक मोड सापडली तर टी-स्कोअर काहीही असो, ते हाड ठिसूळच.

एका फिल्ममध्ये दोन उत्तरं मिळतात, तीही ग्रामीण रुग्णालयातल्या यंत्रावर. तरी ती सहसा मागवली जात नाही. चकाकत्या यंत्रांच्या मोहात आपण हे साधन अडगळीत टाकलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरलेल्या यंत्रांचं थोडक्यात. हाताची आणि पायाची सूक्ष्म सीटी हाडाची भिंत आणि जाळी वेगवेगळी दाखवते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक; आजाराचं आकलन तिने बदललं, पण ती संशोधनाचीच राहिली आहे. फ्लोराइडचा किरणोत्सारी अंश टोचून केलेली पेट तपासणी हाडाची उलाढाल दाखवते, म्हणजे नेमकं जे हवं ते. सांगोल्याच्या दृष्टीने ती अजून दूर आहे. पॅराथायरॉइडची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन निदानासाठी नसतात. ग्रंथी काढायची ठरल्यावर ती कुठे आहे हे सर्जनला कळावं म्हणून असतात, आणि शस्त्रक्रिया ठरलेली नसताना केलेला हा खर्च वाया जातो. एमआरआय कामाला येतो तो बऱ्याचदा किडनी बदलल्यानंतर, स्टेरॉइडमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला का हे बघायला. त्यासाठी गॅडोलिनियमचं इंजेक्शन लागत नाही. ते टाळलेलंच बरं. जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने किडनीच्या रुग्णांची कातडी आणि सांधे आखडून जातात, हे २००६ मध्ये उघड झालं. नवी औषधं पुष्कळ सुरक्षित आहेत, तरी ‘मला किडनीचा आजार आहे’ हे वाक्य एमआरआयच्या टेबलावर चढण्याआधी म्हटलंच पाहिजे.

अंतिम शब्द अजूनही बायोप्सीचा. कंबरेच्या हाडातून बारीक तुकडा काढायचा, त्याआधी ठरावीक अंतराने दोनदा टेट्रासायक्लिन द्यायचं. ते औषध त्या त्या दिवशी बनत असलेल्या हाडात पिवळी रेघ सोडतं, आणि दोन रेघांमधलं अंतर म्हणजे हाडाचा वेग. कल्पना सुंदर आहे, पण असा तुकडा कापून वाचणाऱ्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच. म्हणून रोजच्या कामात पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज या दोन रक्ततपासण्यांवरून वेगाचा अंदाज बांधतात. दोन्ही खूप वर असतील तर हाड धावतंय, दोन्ही खाली असतील तर झोपलंय. मधल्या पट्ट्यात संदिग्धता राहते.

हा खटाटोप कशासाठी, तर औषधासाठी. ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रॉनिक आम्ल किडनीची क्षमता ३५ च्या खाली गेली की देत नाहीत. सहा महिन्यांनी टोचायचं डेनोसुमॅब किडनीवर अवलंबून नसतं, म्हणून ते डायलिसिसवाल्यांना सोयीचं वाटलं. पण त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जातं, इतकं की जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने किडनीच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. म्हणजे नुसता टी-स्कोअर बघून इंजेक्शन लिहिणं हा आता माहितीअभावी झालेला गुन्हा राहिलेला नाही. चित्रासोबत पीटीएच, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे चिठ्ठीवर नसेल तर ती चिठ्ठी अपुरी आहे.

आणि आहार. डाळिंबाच्या गावात डायलिसिसच्या रुग्णाला डाळिंब मोजून खावं लागतं, कारण त्यात पोटॅशियम आहे. हाडांचा शत्रू मात्र फॉस्फरस. ज्वारीच्या भाकरीतला फॉस्फरस बराचसा बांधलेला असतो, कमी शोषला जातो. शेंगाच्या चटणीवर हात जरा आवरावा. पण एसटी स्टँडवर मिळणारं काळं थंड पेय आणि पाकीटबंद पदार्थ यांतला फॉस्फरस जवळजवळ सगळाच रक्तात उतरतो. कुठलंही यंत्र हे दाखवत नाही.

सांगोल्यासारख्या ठिकाणी मी म्हणेन असं: हाताचा आणि कुशीवरचा एक्स-रे इथेच, रक्त इथेच. त्यातून प्रश्न उरला आणि उत्तराने औषध बदलणार असेल तरच डेक्सासाठी सोलापूर, तेही खुबा आणि बिनफिश्चुल्याच्या हाताचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, आणि डायलिसिस तीत बसतं. त्यामुळे रुग्ण दर आठवड्याला डॉक्टरांच्या समोर येतोच. अडचण वेळेची नाही, बघण्याच्या सवयीची आहे.

म्हणून पुन्हा त्या पिशवीकडे. आपल्याकडच्या उन्हात मुतखडा नवा नाही, आणि मुतखड्यासाठी काढलेल्या साध्या सीटीत कंबरेचे सगळे मणके आणि महाधमनी आपोआप आलेली असते. कंबरेच्या पहिल्या मणक्याच्या आतल्या भागाची घनता संगणकावर माउस ठेवून मोजता येते. शंभरच्या आसपास किंवा खाली आली तर हाड कमकुवत असण्याची शक्यता मोठी. नवा किरण नाही, नवा खर्च नाही. छातीच्या जुन्या फिल्ममध्ये गळपट्टीचं टोक आणि फासळ्या आहेत. कंबरेच्या जुन्या फिल्ममध्ये बसलेला मणका असू शकेल, ज्याबद्दल रिपोर्टात एक ओळही नाही.

पुढच्या डायलिसिसला जाताना पलंगाखालची ती पिशवी सोबत न्या, आणि चार तासांत डॉक्टर फेरीला आले की एवढंच म्हणा: ‘साहेब, यात हाडं कशी दिसतात, एकदा बघून सांगता का?’